रोख बोहनी

१६ एप्रिल २०२५, बुधवार. दोन हजार आठशे पासष्ट रुपये.

त्या दिवशी वेणूताईंनी जुन्या पनवेलमधल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून आपल्या व्हॅनसाठी फ्युएल पंप घेतला, त्याची ही किंमत. पावती मी पाहिली आहे. तारीख, रक्कम, शिक्का, सगळे बरोबर होते. पंप तेवढा चुकीचा होता.

वेणूताई म्हणजे वेणू आनंदा घरत. खांदा कॉलनीत आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर त्या सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या भाकऱ्या विकतात. राहायला कामोठ्याच्या जुन्या गावात. वडील मिठागरावर होते. मिठागरे गेली, शेते गेली, त्यांच्या जागी सेक्टर आले. घरचा भूखंड भावांकडे गेला. वेणूताईंच्या वाट्याला आईची भाकऱ्या भाजायची लोखंडी खापरी आली आणि ती त्यांनी मागून घेतली होती, असे त्या सांगतात. त्या खापरीवर त्यांनी धंदा उभा केला. आता मागच्या पडवीत चार चुली आहेत आणि गावातल्या पाच बायका रोज पीठ मळायला, भाकऱ्या थापायला येतात.

कोपऱ्यावरची विक्री हा त्यांच्या धंद्याचा लहान भाग. मोठा भाग हळदीचा. पनवेल-उरणच्या गावांत लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त जमतो, आणि हळदीच्या जेवणात तांदळाची भाकरी नसली तर त्याची आठवण पुढच्या पिढीपर्यंत काढली जाते. शेकड्यांनी भाकऱ्या लागतात आणि त्या गरम लागतात. म्हणून गाडी लागते.

पूर्वी त्या भाड्याचा टेम्पो घेत. टेम्पोवाला चहाला थांबे, वाटेत दुसऱ्याचे सामान भरे, आणि भाकऱ्या गार होऊन पोहोचत. बोलणी वेणूताईंना बसत. एका मे महिन्यात हे लागोपाठ तीनदा झाले. तेव्हा त्यांनी शाळेची मुले नेणारी एक जुनी व्हॅन विकत घेतली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या. नवरा आनंदा बंदरावर कामाला होता. साखरेने त्याची नजर कमी झाली आहे, त्यामुळे तो गाडी चालवत नाही. शेजारी बसून दुरडी धरतो आणि बायकोला गिअर कधी बदलायचा ते सांगतो. वेणूताई त्याचे ऐकत नाहीत. व्हॅनला आता पांढरा रंग आहे, पण ऊन तिरके पडले की दारावर शाळेचे नाव अजून उमटते, आणि सिग्नलला एखादे लहान मूल तिच्याकडे बघून हात हलवते.

एप्रिलच्या त्या आठवड्यात व्हॅन बंद पडली. कामोठ्यात मिथुनचे गॅरेज आहे. वेणूताईंची गाडी तोच बघतो. त्याने टाकीतला पंप गेल्याचे सांगितले आणि वेणूताईंना पनवेलला पाठवले, कारण त्याच्याकडे दुसऱ्या दोन गाड्या उघडून पडल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी करंज्याजवळच्या एका गावात हळद होती. सहाशे भाकऱ्यांची मागणी. देणारा काशिराम. हा त्या पट्ट्यातला हळदीचा आचारी. कुठल्या घरी भाकऱ्या कोणाच्या जायच्या हे तोच ठरवतो. त्याने फोनवर सांगितले होते, "वेणू, गाडी बंद हाय असा कळला. मला आता सांग. तू नाय आलीस तर मी दुसरी बाई बघतो, पन मग ह्या सीझनला तीच राहील." वेणूताईंनी येते म्हणून सांगितले. लग्नाचा सीझन नुकता सुरू झाला होता. म्हणजे शुक्रवार दुपारपर्यंत गाडी चालू होणे, यावर त्यांचे पुढचे दोन महिने अवलंबून होते.

बुधवारी दुकानात काय झाले ते त्यांनी मला नंतर सांगितले. दुकान अरुंद, काउंटर लांब. काउंटरच्या आत प्रितेश शेठ, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. बाहेर गॅरेजवाले. ते ओरडून वस्तू मागतात, शेठ न बघता हात मागे घालून खोका काढतो, आणि खोका काउंटरवरून घसरत ज्याचा त्याच्याकडे जातो. वेणूताईंनी गाडीचे नाव सांगितले, साल सांगितले. शेठ म्हणाला, "ताई, मेकॅनिकला पाठवा ना." त्या तिथेच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी परत साल सांगितले. एक गॅरेजवाला मध्येच हात घालून बेअरिंग घेऊन गेला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर शेठने फोनवर कोणाला तरी "हां, बोला" म्हणत एक खोका पुढे सरकवला आणि पावती फाडली.

संध्याकाळी मिथुनने खोका उघडला. गाडीच्या जोडणीला चार पिना आणि नव्या पंपाला पाच. तो नंतरच्या मॉडेलचा पंप होता.

वेणूताई तशाच रिक्षाने पनवेलला गेल्या. शेठ उदबत्ती ओवाळत होता. म्हणाला, "ताई, दिवाबत्ती झाली. आता आलेला माल परत घेत नाही, गल्ल्यातून काही काढत नाही. सकाळी या."

गुरुवारी सकाळी दहाला त्या गेल्या. दुकान भरलेले. शेठ म्हणाला, "बोहनी झाली नाही अजून. बोहनीच्या आधी परतीचा माल घेतला की सगळा दिवस परतीचा जातो. थोड्या वेळाने या." त्या अकरापर्यंत थांबल्या. घरी बायका खोळंबल्या होत्या म्हणून परतल्या. दुपारी पुन्हा आल्या तेव्हा शटर अर्धे खाली होते आणि आतून शेठच्या घोरण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी पुन्हा दिवाबत्ती.

हे सगळे मला गुरुवारी रात्री भाकऱ्या घेताना कळले. आनंदा ठेल्यावर बसला होता. तो म्हणाला, "सायब, ती चारदा जाऊन आली. आता मी जातो तर म्हनते तुला खोक्यावरचा वाचता येत नाय, तू काय बदलून आननार."

"तू भांडून येशील," वेणूताई म्हणाल्या. "भांडलास तर तो पंप अजिबात देनार नाय. बाकीच्या दुकानांत इचारला मी. ते म्हनतात मुंबईहून मागवावा लागंल, सोमवारी येईल. याच्याकडे हाय. माळ्यावर हाय. त्या दिवशी गॅरेजवाला मागत होता तेव्हा मी ऐकला."

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी होती. मी म्हणालो, मी स्कूटरवर सोडतो आणि सोबत थांबतो. मी हिशेब खात्यात नोकरी करतो. पावती हातात असताना माल बदलून मिळत नाही हे मला पटत नव्हते.

सकाळी साडेनऊला आम्ही दुकानात होतो. वेणूताईंच्या पिशवीत चुकीचा पंप खोक्यासकट, आणि मिथुनने काढून दिलेला जुना पंप फडक्यात बांधलेला. पेट्रोलचा वास सगळ्या रस्त्याने आमच्याबरोबर आला.

दुकानात पाच-सहा गॅरेजवाले होते. त्यांच्यातल्या एकाने वेणूताईंना ओळखले. "मावशी आज पण हजर. शेठ, हिला पगार चालू करा."

"तुझ्या पगारातला अर्धा दे, येते रोज," वेणूताई म्हणाल्या.

शेठने आमच्याकडे पाहिले आणि परत फोनमध्ये बोलू लागला. वीस-पंचवीस मिनिटे गेली. तेवढ्यात ब्रेक लायनर गेले, ऑइलचे डबे गेले, दोन हेडलाइट गेले. मी पावती काउंटरवर ठेवली.

"काका, देतो ना," शेठ म्हणाला. "नाही कोण म्हणतंय? बोहनी होऊ द्या."

"बोहनी? अहो, आमच्या डोळ्यांदेखत इतका माल गेला."

"तो सगळा खात्यावर गेला. गॅरेजवाले महिन्याला देतात. खात्यावरची बोहनी होते का काका? रोखीचं गिऱ्हाईक अकरानंतर, कधी बारानंतर. काल तर साडेबारा झाले." त्याने मागे, देवाच्या फळीखाली लावलेल्या तसबिरीकडे मान वळवली. "वडिलांनी घालून दिलेलं आहे. मी मोडत नाही."

मी उत्तर जुळवत होतो. माल बदलणे म्हणजे परतावा नव्हे, इथून सुरुवात करावी असा विचार होता. तेवढ्यात वेणूताई म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचा."

मला राग आला. ज्यांच्यासाठी मी आलो होतो त्याच त्याच्या बाजूने बोलत होत्या.

पण त्या बोलल्या त्यात आश्चर्य नव्हते. बोहनीच्या बाबतीत त्याही तशाच आहेत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे भाकऱ्या घ्यायला गेलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि पहिले गिऱ्हाईक मीच होतो. मी फोन पुढे केला. त्या म्हणाल्या, "बोहनी हाय सायब, रोख द्या." माझ्याकडे पाचशेची नोट होती. बोहनीला मोड देत नाही म्हणाल्या. मी रिकाम्या हाती परतलो आणि घरी येऊन पाव खाल्ला. तेव्हापासून मी शर्टाच्या खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवतो.

"मला काल वाटला हा खोटा बोलतो," वेणूताई मला हळू आवाजात म्हणाल्या. "दुकान भरलेला, आनि म्हनतो बोहनी नाय. सगळा खात्यावर हाय हे मला कुठे ठाऊक? आता इचारलात तेव्हा कळला." मग त्या काउंटरकडे वळल्या. "शेठ, तुमच्या दुकानात सगळ्यात सस्ता काय हाय?"

शेठने फोन कानापासून दूर केला. "काय?"

"सस्ता. आमच्या गाडीला लागेल असा."

"फ्यूज. दहा रुपये."

"दोन द्या."

शेठने फ्यूजचा डबा काढला. वेणूताईंनी पिशवीतून फोन काढला आणि काउंटरवर चिकटवलेल्या कोडवर धरला.

"ताई, बोहनी ऑनलाइन नाही घेत," शेठ म्हणाला. "नंतर किती पण करा. पहिली रोख."

वेणूताईंनी कनवटीला हात लावला. सकाळी ठेल्यावर न बसता त्या आल्या होत्या, त्यामुळे रोख काही नव्हती. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले. मी वीसची नोट काढली आणि शेठपुढे धरणार होतो.

"तुमी नको," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात द्या. गिऱ्हाईक मी हाय."

त्यांनी नोट सरळ केली आणि शेठला दिली. शेठने ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली, तसबिरीला लावली, गल्ल्यात टाकली. मग फोनवरच्या माणसाला "नंतर करतो" म्हणाला आणि फोन खिशात घातला. त्या दुकानात तो फोन खिशात गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याने फ्यूज कागदात गुंडाळून दिले आणि एक स्टूल काउंटरखालून बाहेर सरकवले.

"बसा ताई. चहा सांगू?"

"चहा नको. हा घ्या." वेणूताईंनी पंपाचा खोका काउंटरवर ठेवला.

मघाचा गॅरेजवाला हसला. "शेठ, मावशीने विकेट काढली."

शेठही हसला, पण कसनुसा. त्याने खोका फिरवून पाहिला. "बॉक्स उघडलेला आहे."

"उघडल्याबिगर पिना कशा मोजनार?" वेणूताईंनी फडके सोडून जुना पंप बाजूला ठेवला. "चार. तुमच्याला पाच. साल मी बुधवारी तीनदा सांगितला. तुमी फोनवर होता."

मला वाटले, आता नवे काहीतरी निघेल. मंगळ, अमावस्या, काहीही. शेठने दोन्ही पंप उजेडाकडे धरले. जुन्याच्या पिना बोटाने मोजल्या, नव्याच्या मोजल्या. नंतर शिडी लावली आणि स्वतः माळ्यावर चढला. वरून धूळ पडली. खाली गॅरेजवाले आपापल्या वस्तू मागत होते, तो वरून "थांब रे, गिऱ्हाईक आहे" म्हणाला.

वेणूताई स्टुलावर बसल्या नव्हत्या. पिशवीचे बंद त्यांनी हाताला गुंडाळले होते आणि त्या शिडीकडे बघत होत्या. वर खोके सरकल्याचे आवाज येत राहिले. एकदा शेठ "हा नाही" असे स्वतःशी म्हणाला, तेव्हा त्यांनी बंद सोडले आणि परत गुंडाळले.

शेठ खाली आला तो खोका घेऊन. वेणूताईंनी तो तिथेच उघडला. चार पिना. किंमत दोन्हीची तीच. शेठने पावतीवर बदल लिहिला, शिक्का मारला.

"ताई, बुधवारचं चुकलं," तो म्हणाला. "या टायमाला फोन फार असतात."

"असू द्या," वेणूताई म्हणाल्या. "दिवस चांगला जाईल तुमचा. माझा हात चांगला हाय."

कामोठ्यात मिथुनच्या गॅरेजशी उतरल्यावर वेणूताई त्याच्या बाकड्यावर बसल्या, पदराने तोंड पुसले आणि पाणी मागितले. तांब्याभर पाणी त्या एका दमात प्यायल्या.

दुपारी दीडच्या आत व्हॅन चालू झाली. मिथुनने किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्याला लागले, आणि त्याने मागे वळून न बघता अंगठा दाखवला. चुली तोपर्यंत पेटल्या होत्या. तांदळाचे पीठ उकळत्या पाण्यात मळतात, थापून खापरीवर टाकतात आणि उतरवलेली भाकरी लगेच भरत नाहीत. आधी तिची वाफ जाऊ देतात, नाहीतर भाकऱ्या एकमेकींना चिकटतात. हे वेणूताई बायकांना अजूनही रोज सांगतात आणि बायका अजूनही रोज "ठाऊक हाय गो" म्हणतात. एखादी चिरलेली दिसली की वेणूताई ती बाजूला काढतात. गिऱ्हाइकाने ती दाखवायची वेळ येऊ देत नाहीत.

आनंदाला मधे बसवून मीही त्यांच्याबरोबर गेलो. मागे जागा फक्त दुरड्यांना होती. आनंदा गिअर सांगत राहिला, वेणूताई आपल्याला हवा तो टाकत राहिल्या. करंज्याकडे वळल्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास आत आला आणि आतल्या गरम भाकरीच्या वासात मिसळला. दोनदा इंजिनने जरा आवाज बदलला, तेव्हा दोघेही पुढे वाकून ऐकू लागले. एकदा रस्त्याचा खडबडीतपणा होता, एकदा खरोखरच चुकीचा गिअर होता.

मांडवात पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. काशिराम उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, मोठ्या पातेल्याशी उभा होता. त्याने पहिल्या दुरडीचे फडके उचलले आणि हाताची मागची बाजू भाकरीवर टेकवली.

"गरम हाय," तो म्हणाला.

"मग कशी असंल?"

"मी दुसऱ्या बाईला सांगून ठेवला होता. तिला आता फोन करतो, नको म्हनून." त्याने फडके परत नीट झाकले. "बुधवारी गव्हाणला चारशे. येशील?"

"येईन," वेणूताई म्हणाल्या. मग त्या व्हॅनच्या पायरीवर बसल्या आणि चपला काढून पाय जमिनीवर टेकले. आनंदाने दुरड्या मोजून दिल्या. परतताना त्या गाडीत गुणगुणत होत्या. आनंदाने गिअरबद्दल एकदाही तोंड उघडले नाही.

त्या सीझनला त्यांच्या हळदी चुकल्या नाहीत. जूनमध्ये वायपरचे रबर घ्यायला त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या. शेठ फोनवरच होता. त्यांना पाहून त्याने समोरच्या माणसाला थांबायला सांगितले आणि विचारले, "ताई, रोख आणलीय ना?" बोहनी झालेली नव्हती. त्यांनी रोख दिली. गॅरेजवाल्यांच्या आधी त्यांना रबर मिळाले, आणि या वेळी गाडीचे साल त्याने स्वतःहून विचारले. बाकी दुकान आहे तसेच आहे. मीच परवा स्कूटरचा आरसा घ्यायला गेलो तर पाऊण तास उभा होतो आणि आरसा डावीकडचा मिळाला. बदलून आणायला वेणूताईंना विचारावे असा विचार आहे.

दोन फ्यूजपैकी एक पावसाळ्यात कामाला आला. दुसरा व्हॅनच्या डॅशबोर्डवर कागदात आहे.

बोहनीला दिलेल्या वीस रुपयांचे मात्र जमत नाही. सकाळी कामावर जाताना मी ठेल्यावर जातो, तेव्हा बोहनी माझ्याच हातून होते आणि बोहनी करणाऱ्याला त्या हातातून पैसे परत देत नाहीत. संध्याकाळी परत येतो तोवर ठेल्यावर दिवा लागलेला असतो, दिवा लागल्यावरही देत नाहीत. दुपारी त्या नसतात. भाकऱ्यांच्या पैशांत वळते करा, असे मी दोनदा सुचवले. बोहनीचे पैसे वळते करायचे नसतात, हातात द्यायचे असतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

वीस रुपये येणे बाकी आहेत.